‘लिटरेचर’ : एका शब्दाचा अर्थसंकोच आणि त्याचे परिणाम

१

मराठीतील शालेय विज्ञानाच्या पुस्तकात प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी ‘साहित्य’ असा मथळा असतो आणि त्याखाली परीक्षानळी, चंचुपात्र, तिवई यांची यादी येते. पुढे तोच विद्यार्थी रसायनशास्त्रात संशोधन करू लागला की त्याला प्रबंधात ‘संबंधित साहित्याचा आढावा’ असे एक प्रकरण लिहावे लागते. तेथे ‘साहित्य’ या शब्दाने पूर्वसूरींचे शोधनिबंध अभिप्रेत असतात. आणि साहित्य संमेलनाच्या मांडवात याच शब्दाचा अर्थ काव्य, कथा, कादंबरी, नाटक असा गृहीत धरला जातो. या तीन अर्थांपैकी सामग्री हा पहिला अर्थ मराठीच्या नित्य व्यवहारातला आहे. दुसरा निखालसपणे इंग्रजीतील ‘लिटरेचर’ या शब्दाच्या मागोमाग आलेला आहे. तिसऱ्याला संस्कृत काव्यशास्त्राचा आधार असला, तरी त्याची आजची व्याप्ती बऱ्याच अंशी त्याच इंग्रजी शब्दाने ठरविलेली आहे.

‘लिटरेचर’ हा इंग्रजीतील अगदी सामान्य वापरातला शब्द. तथापि साहित्यसमीक्षेत ‘साहित्य म्हणजे काय’, ‘साहित्याचे साहित्यपण कशात असते’ असे प्रश्न जेव्हा विचारले जातात, तेव्हा या शब्दाने निर्देशिलेली वस्तू सर्व काळी एकच होती आणि केवळ तिची व्याख्या करणे तेवढे बाकी आहे, असे मानले जाते. शब्दाचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. ‘लिटरेचर’चा आज रूढ असलेला अर्थ सुमारे दोन-सव्वादोनशे वर्षांपलीकडे जात नाही. त्यापूर्वी हा शब्द ग्रंथांचे नव्हे, तर माणसाचे विशेषण सांगणारा होता. हा बदल कसा घडला आणि तो घडत असतानाच्या संक्रमणावस्थेत या शब्दाच्या दुहेरी अर्थावर भारतातील शिक्षणाचा एक मोठा निर्णय कसा उभा राहिला, हे येथे पाहावयाचे आहे.

२

शब्दाचे मूळ लॅटिन ‘लित्तेरा’ म्हणजे अक्षर, लिपीतील चिन्ह. त्यापासून ‘लित्तेरातुरा’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंतिलियन या वक्तृत्वशास्त्रज्ञाने ग्रीक ‘ग्रामातिके’ या संज्ञेला लॅटिनमध्ये दिलेला प्रतिशब्द म्हणून ‘लित्तेरातुरा’चा उल्लेख केला आहे. ग्रीक शब्दही ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर यापासूनच आलेला. दोहोंचा अर्थ अक्षरविद्या : शुद्ध लिहिता-वाचता येणे, कवींचे ग्रंथ समजून घेता येणे आणि त्यांचे विवरण करता येणे. म्हणजे जन्मतः हा शब्द आजच्या व्याकरण आणि साक्षरता या दोन कल्पनांच्या मधोमध उभा आहे. त्यातून कलाकृतींचा निर्देश होत नाही. कलाकृती वाचण्याच्या पात्रतेचा होतो.

इंग्रजीत तो लॅटिन आणि फ्रेंच या दोन वाटांनी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरला. त्याच काळी ‘लेट्रुर’ हे त्याचे फ्रेंच वळणाचे रूपही प्रचारात होते आणि लँगलंड व चॉसर यांच्या रचनांत ते पुस्तकी विद्या या अर्थाने येते. पुढील चार शतके हा अर्थ स्थिर राहिला. १६०५ साली फ्रान्सिस बेकनने ज्ञानवृद्धीविषयीचा आपला ग्रंथ पहिल्या जेम्स राजाला अर्पण करताना, ख्रिस्तोत्तर काळात ऐहिक आणि पारमार्थिक अशा सर्व ‘लिटरेचर’मध्ये इतका पारंगत राजा झाला नाही, अशी त्याची स्तुती केली. येथे राजाच्या वाचनातील नाटकांचे वा काव्यांचे कौतुक नाही. त्याची विद्वत्ता वाखाणली आहे. माणसाजवळ धन असावे, शील असावे, तसे ‘लिटरेचर’ असावे, अशी ही वाक्यरचना आहे.

१७५५ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. जॉन्सन यांच्या कोशात या शब्दाचा अर्थ विद्या, अक्षरविषयक नैपुण्य असाच दिलेला आहे. ज्या लेखकाकडे इंग्रजी समीक्षेचा एक आद्य पुरुष म्हणून पाहिले जाते, त्याच्या कोशात आजच्या अर्थाने ‘लिटरेचर’ नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परंतु त्याहून लक्षणीय गोष्ट चोवीस वर्षांनंतरची आहे. १७७९ साली त्यांच्या कविचरित्रांचे पहिले खंड निघाले. त्यांतील मिल्टनच्या चरित्रात, मिल्टनचे वडील सामान्यांहून अधिक ‘लिटरेचर’ असलेले गृहस्थ असावेत, कारण मुलाने त्यांना उद्देशून लॅटिन काव्य लिहिले आहे, असे अनुमान जॉन्सन करतात. हा जुना अर्थ. त्याच वर्षीच्या काउलीच्या चरित्रात मात्र, कल्पनाशक्ती व भाषासौष्ठव यांमुळे एका लेखकाला ‘लिटरेचर’च्या श्रेणीत उच्च स्थान लाभले, असे ते म्हणतात. येथे शब्द माणसातून बाहेर पडला आहे. तो आता एक क्षेत्र झाला आहे, त्यात श्रेणी आहेत, त्यात प्रवेश मिळतो, स्थान मिळते. एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथात दोन अर्थ शेजारी नांदत आहेत आणि लेखकाला त्यांतील अंतर जाणवलेले दिसत नाही. अर्थांतर असेच घडत असते.

३

हे अर्थांतर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच का घडावे? त्याची कारणे निव्वळ सौंदर्यविचारात शोधून भागत नाही.

पहिले कारण ग्रंथव्यवहाराचे. १७१० सालच्या कायद्याने इंग्लंडमध्ये नव्या ग्रंथाच्या मुद्रणाधिकाराला प्रथम चौदा वर्षे आणि लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षे अशी मर्यादा घातली होती. तरीही लंडनचे पुस्तकविक्रेते आपला हक्क शाश्वत असल्याचे सांगत राहिले. १७७४ साली डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात उमरावांच्या सभागृहाने तो दावा फेटाळला. परिणामी शेक्सपिअर, मिल्टन यांच्यासारखे जुने कवी कोणालाही छापता येऊ लागले आणि त्यांच्या स्वस्त मालिका बाजारात आल्या. १७७७ पासून जॉन बेल यांनी ग्रेट ब्रिटनमधील कवींची मालिका सुरू केली. तिला तोंड देण्यासाठी लंडनच्या विक्रेत्यांनी आपली स्पर्धक मालिका आखली आणि तिच्या प्रस्तावनांसाठी जॉन्सन यांना गाठले. ज्या कविचरित्रांत ‘लिटरेचर’चा नवा अर्थ डोकावतो, ती या स्पर्धेतून जन्मलेली आहेत. राष्ट्राचे कवी एका आकाराच्या खंडांत, क्रमाने, कपाटात मांडता येऊ लागले, तेव्हा त्या समूहाला एक नाव लागणार हे उघड होते.

दुसरे कारण ‘पोएट्री’ या शब्दाच्या आकुंचनाचे. येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. शब्द नव्हता म्हणजे संकल्पनाच नव्हती असे कसे म्हणता येईल? सोळाव्या शतकात फिलिप सिडनीने ‘पोएझी’चे समर्थन केले, तेव्हा कल्पित गद्यकथाही त्याने त्यात धरली होती आणि छंद हे काव्याचे व्यवच्छेदक लक्षण नव्हे असे बजावले होते. म्हणजे कल्पनानिर्मित लेखनाची जाणीव होतीच. फक्त तिचे नाव वेगळे होते. आक्षेप बिनतोड वाटतो, पण अर्धाच खरा आहे. खुद्द ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या आरंभीच, गद्यात वा पद्यात केवळ शब्दांच्या साहाय्याने अनुकरण करणाऱ्या कलेला अद्याप सामाईक नाव नाही, अशी नोंद केली आहे. ही उणीव पुढे ‘पोएट्री’ने काही काळ भरून काढली. परंतु अठराव्या शतकात कादंबरी, नियतकालिकातील निबंध, चरित्र हे गद्यप्रकार वाढले आणि ‘पोएट्री’चा अर्थ पद्यरचनेपुरता आक्रसत गेला. फील्डिंग आणि रिचर्डसन यांना ‘पोएट’ म्हणणे कोणाच्याही जिभेवर येईना. जुने नाव अपुरे पडले म्हणून शेजारचे एक मोठे नाव लहान करून घेण्यात आले. ते करीत असताना संकल्पनाही तीच राहिली नाही. सिडनीच्या ‘पोएझी’त कवीचे कर्तृत्व मध्यवर्ती होते, ‘लिटरेचर’मध्ये ग्रंथसंचय मध्यवर्ती झाला.

तिसरे कारण विद्याशाखांच्या विभागणीचे. निसर्गविज्ञान, अर्थशास्त्र, भाषाशास्त्र ही स्वतंत्र शास्त्रे म्हणून वेगळी निघाली, तसतसे ‘सर्व विद्या’ या अर्थाचे ‘लिटरेचर’ रिकामे होत गेले. फ्रान्समध्ये १८०० साली मादाम द स्ताल यांनी साहित्य आणि समाजसंस्था यांच्या संबंधावर ग्रंथ लिहिला, तेव्हा भौतिकशास्त्रे वगळली तरी तत्त्वज्ञान त्यांनी ‘लितेरात्यूर’च्या कक्षेत ठेवले होते. इंग्लंडमध्ये डी क्विन्सी यांनी ज्ञान देणारे ‘लिटरेचर’ आणि अंतःकरणाला हलविणारे, शक्ती देणारे ‘लिटरेचर’ असा भेद १८२३ मध्ये प्रथम मांडला आणि १८४८ साली पोपवरील निबंधात तो विस्ताराने विशद केला. असा भेद करण्याची गरज पडावी, हीच गोष्ट जुना व्यापक अर्थ तोवर जिवंत असल्याची साक्ष आहे. आणि जुन्या अर्थाने सोडून दिलेली जागाही फार काळ रिकामी राहिली नाही : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अक्षरओळख या अर्थाचा ‘लिटरसी’ हा नवा शब्द प्रचारात आला. ज्या अर्थासाठी क्विंतिलियनच्या काळी ‘लित्तेरातुरा’ होता, त्याच्याजवळचा अर्थ सांगण्यासाठी इंग्रजीला त्याच धातूपासून दुसरा शब्द घडवावा लागला.

४

हे संक्रमण चालू असतानाच हा शब्द भारतात एका कायद्याच्या भाषेत येऊन बसला. १८१३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण करताना पार्लमेंटने ४३ व्या कलमान्वये दरवर्षी किमान एक लाख रुपये वेगळे काढण्याची तरतूद केली. ही रक्कम ‘लिटरेचर’चे पुनरुज्जीवन व सुधारणा, भारतातील विद्वान एतद्देशीयांना उत्तेजन आणि रहिवाशांमध्ये शास्त्रीय ज्ञानाचा प्रसार यांसाठी खर्च व्हावयाची होती. दहा वर्षे या कलमाची फारशी अंमलबजावणी झाली नाही. १८२३ साली कलकत्त्यात सार्वजनिक शिक्षणाची समिती नेमली गेली आणि पैसा संस्कृत व अरबी पाठशाळा, ग्रंथमुद्रण यांच्याकडे वळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राममोहन रॉय यांनी संस्कृत महाविद्यालयाच्या योजनेला हरकत घेणारे पत्र गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांना लिहिले. पुढे समितीतच दोन तट पडले आणि प्रश्न अखेर एका शब्दावर येऊन ठेपला : कायद्यातील ‘लिटरेचर’ म्हणजे कोणते?

२ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉले यांनी लिहिलेले टिपण मराठी वाचकाला त्यातील तुच्छतादर्शक उद्गारांमुळे ठाऊक आहे. परंतु त्या टिपणाचा आरंभ शब्दार्थाच्या वादाने होतो, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. मेकॉले गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे कायदे-सदस्य होते आणि त्यांनी प्रथम कायद्याच्या कलमाचा अर्थ लावला आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, ‘लिटरेचर’ म्हणजे संस्कृत व अरबी ग्रंथविद्या आणि ‘विद्वान एतद्देशीय’ म्हणजे त्या विद्येत निष्णात पंडित व मौलवी. मेकॉले विचारतात, मिल्टनचे काव्य, लॉकचे तत्त्वज्ञान आणि न्यूटनचे भौतिकशास्त्र ज्याला अवगत आहे, त्याला विद्वान का म्हणू नये? इजिप्तच्या पाशाने ‘लिटरेचर’च्या पुनरुज्जीवनासाठी निधी ठेवला, तर तरुणांनी चित्रलिपीचा अभ्यास करीत वर्षे घालवावीत असा त्याचा अर्थ कोणी लावील काय, असा दृष्टांतही ते देतात.

या युक्तिवादातील ‘लिटरेचर’ कोणत्या अर्थाचे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. मिल्टन, लॉक आणि न्यूटन या तिघांना एका शब्दाखाली आणणारा अर्थ हा जॉन्सनच्या कोशातला, बेकनच्या अर्पणपत्रिकेतला आहे : सर्व विद्या. १८३५ साली तो अर्थ मोडीत निघालेला नव्हता, म्हणून मेकॉले यांनी शब्दाचा विपर्यास केला असे म्हणता येत नाही. परंतु टिपणात पुढे तुलना सुरू होते तेव्हा गोष्ट पालटते. काव्य हे पौर्वात्य लेखकांचे सर्वांत समर्थ क्षेत्र असल्याची कबुली मेकॉले तेथे देतात आणि लगेच कल्पनाजन्य ग्रंथांकडून वस्तुस्थितीची नोंद करणाऱ्या व सामान्य तत्त्वांचा शोध घेणाऱ्या ग्रंथांकडे वळले की युरोपचे श्रेष्ठत्व अमर्याद ठरते, असे प्रतिपादतात. इतिहास, भूगोल, ज्योतिष, वैद्यक यांच्या तराजूत भारतीय ग्रंथ टाकले गेले आणि निष्कर्ष मात्र भारतीय ‘लिटरेचर’विषयी काढला गेला. युरोपीय ग्रंथालयाच्या एका फळीची जी कुप्रसिद्ध तुलना आहे, ती या सरमिसळीवर उभी आहे. निकाल विद्येच्या व्यापक अर्थाने लागला. त्याचा डाग मात्र पुढील पिढ्यांच्या मनात काव्य-नाटकांच्या संकुचित अर्थावर पडला, कारण त्या पिढ्या टिपण वाचू लागल्या तोवर शब्दाचा अर्थ बदललेला होता.

कलमातील ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाचे काय? जे मुळात या देशात नव्हते त्याचे पुनरुज्जीवन कसे होणार, ही हरकत कायद्याच्या शब्दांतूनच निघते. ती प्रतिपक्षाच्या बाजूची सर्वांत बळकट जागा होती. पण प्राच्यवाद्यांनीही ‘लिटरेचर’ हा शब्द तितकाच सोयीने वापरला होता. त्यांच्या लेखी त्यात संस्कृत, अरबी व फारसी ग्रंथ होते. लोकभाषांतील ओवी-अभंग, बखरी, पोवाडे यांना त्यांच्याही ‘लिटरेचर’मध्ये मानाचे स्थान नव्हते. भांडण दोन ग्रंथालयांचे होते. ७ मार्च १८३५ रोजी बेंटिंक यांच्या सरकारने ठराव केला, त्यात युरोपीय ‘लिटरेचर’ व शास्त्र यांचा प्रसार हे उद्दिष्ट घोषित झाले आणि निधी इंग्रजी शिक्षणावर खर्च करण्याचे ठरले. मूळ कायद्यातील विशेषणरहित शब्दाला ‘युरोपीय’ हे विशेषण चिकटले, यात एका वादाचा शेवट नोंदला गेला आहे.

५

ठरावानंतर पाठ्यक्रमात जे शिरले ते मात्र न्यूटनपेक्षा मिल्टनच अधिक होते. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, इंग्रजी साहित्य हा विषय म्हणून भारतात स्थिरावला तो इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांच्या आधी. धार्मिक तटस्थतेच्या धोरणामुळे सरकारी शाळांत बायबल शिकविता येत नव्हते. तेव्हा नीतिशिक्षणाचे कार्य शेक्सपिअर, मिल्टन, ॲडिसन यांच्याकडे सोपविले गेले. इंग्लंडमध्ये १८२८ साली लंडनच्या नव्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापकपद निर्माण झाले होते हे खरे; स्कॉटलंडमध्ये तर एडिंबरोला ह्यू ब्लेअर १७६२ पासून वक्तृत्व व ललितलेखन यांचे राजनियुक्त प्राध्यापक होते. परंतु ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र शाखा १८९४ च्या सुमारास आणि केंब्रिजमध्ये १९१७ साली आली. ऑक्सफर्डमध्ये १८८७ साली फ्रीमन या इतिहासकाराने या कल्पनेला कडाडून विरोध केला तो, अभिरुची ही परीक्षेची वस्तू होऊ शकत नाही, या मुद्द्यावर.

येथे शब्दाच्या तिसऱ्या अवस्थेचे रहस्य उलगडते. आधी ‘लिटरेचर’ माणसाच्या ठायी होते, नंतर ते ग्रंथसंचय झाले, आणि आता ते परीक्षेचा विषय झाले. विषय व्हावयाचा तर त्याला सीमा हव्यात, क्रम हवा, निवड हवी. मेकॉले ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिच्या १८५४ च्या अहवालानुसार सुरू झालेल्या सनदी नोकरीच्या खुल्या परीक्षेत इंग्रजी साहित्याला स्थान मिळाले, ही गोष्ट या प्रक्रियेला वेग देणारी ठरली. रेमंड विल्यम्स यांनी १९७६ च्या ‘कीवर्ड्स’मध्ये आणि टेरी ईगल्टन यांनी १९८३ साली या शब्दाच्या आकुंचनाचा संबंध इंग्लंडमधील वर्गव्यवस्थेशी जोडला. तो योग्यच आहे. पण केवळ इंग्लंडच्या अंतर्गत इतिहासावर भर दिला तर एक दुवा सुटतो. राष्ट्रीय ‘लिटरेचर’ ही अध्यापनयोग्य वस्तू आहे, हा अनुभव ज्या प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर घेतला गेला, ती वसाहत होती.

६

मराठीत हा शब्द भाषांतरित झाला तेव्हा त्याला रिकाम्या भूमीवर उतरावे लागले नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त वाङ्मयाचे शास्त्र आणि काव्य असे दोन भाग केले होते आणि ‘साहित्यविद्या’ ही शब्द व अर्थ यांच्या सहभावाचा विचार करणारी विद्या म्हणून निराळी सांगितली होती. म्हणजे डी क्विन्सीला ज्या भेदासाठी एकाच शब्दाला दोन शेपटे जोडावे लागले, त्या भेदाला जवळचे असे दोन शब्द येथे आधीच होते : व्यापक अर्थाचे ‘वाङ्मय’ आणि काव्याशी निगडित ‘साहित्य’. लोकव्यवहारातील मराठीत मात्र ‘साहित्य’ म्हणजे सामग्री. ऐतिहासिक पत्रांत ‘साहित्य करणे’ म्हणजे साह्य करणे. विद्या, ग्रंथ, काव्य, कवित्व हे शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अधिक वापरात होते.

त्या काळच्या एका वादात १८१३ च्या कलमाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. १८४९ साली पुण्यातील काही नवशिक्षितांनी, पेशवाईपासून विद्वान ब्राह्मणांना मिळत आलेल्या दक्षिणेच्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेला उत्तेजन देण्यासाठी वापरावा, असा अर्ज सरकारला केला आणि शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. विद्वान कोणास म्हणावे आणि कोणत्या ग्रंथांसाठी पैसा खर्चावा, हाच प्रश्न येथे होता. फरक इतकाच की, या वेळी कलकत्त्यातील दोन्ही तटांनी दुर्लक्षिलेली लोकभाषा स्वतः वादी म्हणून उभी होती.

१८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘विद्वत्त्व आणि कवित्व’ असा निबंध लिहिला, हा योगायोग नव्हे. मेकॉले आणि जॉन्सन या दोघांचे ते मनःपूर्वक वाचक, डॉ. जॉन्सन यांचे चरित्र त्यांनी मालेत विस्ताराने सांगितले आहे. विद्वत्ता निराळी आणि कविप्रतिभा निराळी, ही त्यांची भूमिका म्हणजे इंग्रजीत एका शब्दाच्या पोटात घडलेली फाटाफूट मराठीत दोन शब्दांनी उघड मांडणे होय. ज्या जॉन्सनच्या लेखणीत विद्वत्त्व आणि कवित्व ‘लिटरेचर’ या एकाच शब्दात नकळत शेजारी बसले होते, त्याच्या मराठी चरित्रकाराने त्यांना हात धरून वेगळे केले.

पुढे संस्थांच्या नावांतही हा प्रवास उमटला. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात भरली ती ग्रंथकारांची सभा होती. ग्रंथकार म्हणजे वैद्यकावर, कायद्यावर, इतिहासावर वा काव्यावर ग्रंथ लिहिणारा कोणीही. १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले तेव्हा, ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या मानवी हक्कांना जागा नाही त्यांच्याशी आपला मेळ बसणार नाही, हे त्यांचे कारण होते. ग्रंथ ललित की शास्त्रीय, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. १९०६ साली संस्था स्थापन झाली तिचे नाव मात्र महाराष्ट्र साहित्य परिषद असे पडले. इतिहासलेखकांनी तरीही दुसरे शब्द हाताशी ठेवले. भावे यांनी ‘सारस्वत’ म्हटले, पांगारकरांनी ‘वाङ्मय’. त्यांचा मुख्य विषय संतकाव्य व प्राचीन ग्रंथ हा होता आणि त्याला ‘साहित्य’ हा शब्द पुरेसा पडत नव्हता. महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ हे चरित्र आहे, धर्मग्रंथ आहे की गद्यसाहित्य? सभासदाची बखर इतिहास की ललितकृती? असे प्रश्न त्या कृतींच्या अंगचे नाहीत. जॉन्सनच्या कोशातील अर्थाने ते पडलेच नसते. ते डी क्विन्सीनंतरच्या शब्दाने निर्माण केले आहेत.

७

एखाद्या शब्दाचा इतिहास सांगितल्याने त्या शब्दाने निर्देशिलेली वस्तू खोटी ठरत नाही. कविता आणि वैद्यकाचे पुस्तक यांत भेद आहे आणि तो राजशेखराला जितका कळत होता तितकाच आजच्या वाचकालाही कळतो. या इतिहासातून निघतो तो मर्यादित निष्कर्ष असा : तो भेद नेमका कोठे करावयाचा आणि भेदाच्या कोणत्या बाजूला प्रतिष्ठा द्यावयाची, हे प्रत्येक वेळी ग्रंथविक्रेते, कायदेमंडळे, परीक्षकमंडळे आणि संमेलने यांनी ठरविलेले आहे, समीक्षेने बहुधा त्यांच्या निर्णयाला मागाहून तत्त्व पुरविले आहे.

मराठीत या गोष्टीची किंमत मोजावी लागली आहे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’, १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले. तेव्हा हे लेखन ‘साहित्य’ की ‘सामाजिक दस्तऐवज’ अशी चर्चा मोठ्या गांभीर्याने झाली. त्या चर्चेत दोन्ही पक्ष एका आकुंचित शब्दाच्या सीमेवर उभे राहून वाद घालीत होते आणि ती सीमा साहित्याच्या स्वभावातूनच आलेली आहे असे गृहीत धरीत होते. ती लंडनच्या पुस्तकबाजारात, कलकत्त्याच्या समितीत आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत आखली गेली, हे लक्षात असते तर प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला गेला असता. या कृतींनी वाचकाच्या ठायी काय घडविले, माणसाविषयीच्या त्याच्या ज्ञानात कोणती भर घातली, ही विचारणा ‘लिटरेचर’च्या जुन्या अर्थाला अधिक जवळची आहे, कारण तो अर्थ मुळात माणसाच्या ठायी काय वसते हेच सांगणारा होता.

म्हणून ‘साहित्य’ हा शब्द लिहिताना तो कोणत्या अर्थाने वापरला जात आहे, हे समीक्षकाने सांगितले पाहिजे. ही केवळ परिभाषेची शिस्त नव्हे. एक लाख रुपयांच्या निधीचा आणि त्याबरोबर एका उपखंडाच्या शिक्षणाचा मार्ग बदलला, तेव्हा वादाच्या दोन्ही बाजूंना तो शब्द अगदी स्पष्ट वाटत होता.